तेल थांबायला जागा

अजमान, औद्योगिक वसाहत, शेड क्रमांक अकरा.
बाहेर सत्तेचाळीस अंश, आत एसी.
तो आमच्यासाठी नाही, यंत्रांच्या तारांसाठी.
उरलासुरला गारवा आमच्या पाठीला.

आज जाळायचं काही नाही.
डिझेलची नळी बंद केली
आणि विजेच्या मोटरनं इंजिनाला नुसतं फिरवत ठेवलं,
झोपलेल्या माणसाचे हातपाय कुणी हलवावेत तसं.
स्फोट नाही, धूर नाही.
किती जड जातं तेवढंच बघायचं.
मागच्या आठवड्यात पाण्याचा पंप काढून मोजलं,
मग व्हॉल्व्हची सगळी पलटण काढून,
पाहुण्यांतला एकेक उठून गेला की
खोली किती हलकी होते, तसं.
तरी उरतंच. जे उरतं ते रिंगांचं.

माझं मॉडेल म्हणतं:
अधल्यामधल्या वाटेवर पिस्टन वेगात असतो,
तेलाचा पदर शाबूत, रिंग तरंगत जाते.
वरच्या टोकाला, मागं वळायच्या क्षणी,
वेग शून्य.
पदर विरतो, लोखंड लोखंडाला लागतं.
त्या जागेला पुस्तकात मृतबिंदू म्हणतात.
झीज तिथली. आवाज तिथला.
मधे सगळं कसं सुरळीत.

तिसऱ्या सिलिंडरला हे मान्य नव्हतं.
मधल्या वाटेवरही तो घासत होता,
मी काढलेल्या रेषेच्या अकरा टक्के वर.
तीन रात्री मी तेल घट्ट केलं, पातळ केलं,
रिंगेचा ताण वाढवला, कमी केला,
सगळं कागदावर.
रोहेलियोनं संवेदक दोनदा बदलले
आणि तिसऱ्यांदा फक्त माझ्याकडे बघितलं.

गुलजमान मर्दानचा. गलबतांच्या इंजिनांवर बत्तीस वर्षं.
लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आला,
टोक ब्लॉकला, मूठ कानाला.
डोळे मिटले. जरा वेळ तसाच.
“तीन नंबर चिकना हो गया है.”

मी हसलो.
गुळगुळीत असेल तर कमी घासेल ना, खानसाहेब.
तो हसला नाही. पाना आणायला गेला.

उघडलं. एक, दोन, चार:
भिंतींवर तिरक्या रेघांची जाळी, जशी असावी.
तीन: आरसा.
त्यात माझी दाढी दिसली, दोन दिवसांची.
हे इंजिन खाडीत उभ्या गलबतावरचं,
कुठं गेलं नाही, काही ओढलं नाही,
दिव्यांसाठी आणि एका फ्रीजसाठी
चौदा महिने मंद चालत राहिलं.
तिघांनी कसंबसं निभावलं.
एक झिजत झिजत चकचकीत झाला.

आणि मग शिरोलीचं ते होनिंग मशीन.
बारा वर्षांचा मी, हातात पॉलिशचा कागद,
अण्णांना खूश करायला लायनर घासून घासून लख्ख केलेला.
त्यांनी तो उजेडाकडे धरला. मारलं नाही.
“पार आरसा केलास की रं.
आता त्याल थांबणार कुटं?”
आणि त्याच्यावर पुन्हा ओरखडे काढायला बसले,
पंचेचाळीस अंशांत, एक इकडून, एक तिकडून.

हे मला माहीत होतं. पंचवीस वर्षं माहीत होतं.
मॉडेलात मात्र मी खडबडीतपणा
फक्त खर्चाच्या बाजूला मांडला होता.

रात्री समीकरणात एक गुणक वाढवला:
भिंत किती तेल धरून ठेवते त्याचा.
ग्रीक अक्षरं संपली होती, रोमन दोनदा वापरून झाली होती.
म्हणून लिहिलं: ळ.

सकाळी रोहेलियोनं विचारलं, याला म्हणायचं काय?
सांगितलं. म्हणाला, ल.
नाही. जीभ मागं, टाळूला, आणि सोड.
ल, म्हणाला. मग र. मग पुन्हा ल, आणि वैतागून चहा.

गुलजमान लायनर पुसत होता.
वर न बघता बोलला,
पहिल्याच फटक्यात,
घशापासून अंमळ खरखरीत:
ळ.